घरात लाकडी फ्लोअरिंग बसवताना ओल आणि दमटपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-ठाणे, पुणे आणि कोकणपट्टीतल्या घरांत लाकडी जमीन करून घेणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. रंग, पॉलिश, डिझाईन यांबद्दल इथे काही नाही, फक्त पाण्याबद्दल आहे. जमीन बिघडली म्हणून आम्हाला बोलावलं जातं तेव्हा लाकूडच खराब निघालं असं क्वचित असतं. बहुतेक वेळा खालच्या कोब्यात, म्हणजे सिमेंटच्या थरात, ओल होती आणि ती कोणी मोजलेली नव्हती.

लाकूड तर वाळवून, पॉलिश करून येतं. मग पावसाळ्यात फुगतं कसं?

भट्टीत वाळवलेलं लाकूडसुद्धा हवेतली वाफ शोषत आणि सोडत राहतं. हवेची आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडातला ओलावा साधारण 9 टक्क्यांवर येऊन थांबतो. हवा 80 टक्के दमट झाली की तो हळूहळू 16 टक्क्यांपर्यंत चढतो, आणि 30 टक्क्यांच्या कोरड्या हवेत 6 टक्क्यांपर्यंत उतरतो. पॉलिशमुळे हा वेग कमी होतो, पण क्रिया थांबत नाही. शिवाय पॉलिश वरच्या बाजूला असतं, ओल खालून येते.

फळी लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलते. सागाची 100 मिलिमीटर रुंद फळी घ्या. तिच्यातला ओलावा 9 वरून 15 टक्क्यांवर गेला तर ती साधारण 1.1 मिलिमीटर रुंद होते. ओकची तेवढीच फळी जवळजवळ दुप्पट, 2.2 मिलिमीटर वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण 3 मीटर रुंद खोलीत अशा 30 फळ्या असतात, म्हणजे कागदावर सागाचे 33 मिलिमीटर झाले. प्रत्यक्षात एवढी वाढ होत नाही, कारण सगळ्या फळ्या सारख्या कापलेल्या नसतात, गोंद त्यांना धरून ठेवतो आणि लाकूड गाभ्यापर्यंत भिजायच्या आत पाऊस संपतो. तरी त्याच्या निम्मी वाढ झाली तरी जमीन भिंतीला भिडून मधोमध उचलली जाते. जुने सुतार सागाला पहिली पसंती देतात, त्यामागे वाळवीइतकंच हेही कारण आहे.

आम्ही पुण्यात राहतो, मुंबईसारखा दमटपणा इथे नाही. मग काळजी कशाला?

उलट पुणे, नाशिक, नागपूर इथे वेगळाच त्रास होतो. मुंबईची हवा वर्षभर थोडीफार दमटच असते, त्यामुळे लाकूड एका ठरावीक पट्ट्यात हलतं. पुण्यात ऑगस्टमध्ये आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, आणि एप्रिलच्या दुपारी तीच विशीत उतरते. नागपूरच्या मे महिन्याचं तर बोलायलाच नको. मुंबईचे लोक जमीन फुगल्याची तक्रार करतात, पुण्याचे लोक फळ्यांमध्ये नाणं जाईल एवढ्या फटी पडल्याची. दोन्हींचं कारण एकच, ओलाव्यातली तफावत.

भारतीय मानक आयएस 287 मध्ये देशाचे हवेच्या आर्द्रतेनुसार चार विभाग पाडलेले आहेत आणि लाकडात ओलावा किती असावा हे विभागानुसार दिलेलं आहे. वखारीतून सॉलिड लाकूड घेत असाल तर हे मानक माहीत असलेल्या माणसाकडून घ्या. "एकदम ड्राय माल आहे साहेब" हे उत्तर नव्हे. ओलावा मोजायचं मीटर लावून दाखवा म्हणावं.

सॉलिड, इंजिनीअर्ड, लॅमिनेट की एसपीसी? ओलाव्याच्या दृष्टीने काय घ्यावं?

सॉलिड म्हणजे अखंड लाकूड. दिसायला सर्वांत देखणं, हलायलाही सर्वांत जास्त. इंजिनीअर्डमध्ये वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले थर असतात. ते एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून फळी बरीच स्थिर राहते. लॅमिनेट हे लाकडाच्या भुश्श्याचं दाबून केलेलं बोर्ड, वर छापील कागद आणि कडक कोटिंग. त्याची कड एकदा पाणी पिऊन फुगली की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक. पाण्याने त्याला काही होत नाही, पण ते लाकूड नाही आणि खाली अडकलेल्या ओलीचा कुबट वास त्याच्याखालूनही येतो.

आमचं मत विचाराल तर: वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये इंजिनीअर्ड घ्या. सॉलिड हवंच असेल तर साग, आणि फळी 90 मिलिमीटरपेक्षा रुंद नको. कोकणातल्या तळमजल्याच्या घरात, जिथे पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी सर्द लागते, तिथे यातलं काहीच घालू नका. चांगली लादी लावा आणि पैसे वाचवा.

नवीन बांधकाम आहे. कोबा वाळायला किती दिवस लागतात?

ठोकताळा असा की वाळायला चांगली हवा मिळाली तर दर 25 मिलिमीटर जाडीला एक महिना. म्हणजे 50 मिलिमीटरच्या कोब्याला दोन महिने आणि 100 मिलिमीटरच्या स्लॅबला चार. पावसाळ्याचे महिने यात धरू नका, कारण 85 टक्के दमट हवेत सिमेंट वाळतच नाही म्हटलं तरी चालेल. क्युअरिंगसाठी पाणी मारणं थांबेल त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा.

वरून कोबा पांढरा-करडा दिसू लागला की मिस्त्री म्हणतो सुकला. वरचे काही मिलिमीटर सुकलेले असतात एवढंच. त्यावर फळ्या घातल्या की वाफेची वाट बंद होते, आतलं पाणी वर सरकतं आणि दीड-दोन महिन्यांत फळ्यांच्या कडा उचलू लागतात. तोवर मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

पीओपी, पुट्टी आणि रंगकामातूनही बरंच पाणी हवेत जातं. लाकडी जमीन हे घरातलं शेवटचं काम ठेवा. सोफ्याच्या आधीचं, बाकी सगळ्यानंतरचं.

ओल नेमकी मोजायची कशी?

घरच्या घरी करता येण्याजोगी चाचणी प्लास्टिकची आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा 45 सेंटिमीटरचा चौकोन कापा, कोब्यावर ठेवा आणि चारही बाजू टेपने हवाबंद चिकटवा. किमान 16 तास, शक्यतो पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या. उघडल्यावर प्लास्टिकच्या आत दव दिसलं किंवा कोब्याचा तेवढा चौकोन काळपट झाला, तर काम पुढे ढकला. खोलीत दोन-तीन जागी करा: बाहेरच्या भिंतीजवळ, बाथरूमच्या भिंतीजवळ आणि मध्यभागी. मात्र काहीच दिसलं नाही म्हणून सुटलो असं समजू नका. ही चाचणी नापास झालेल्याला पकडते, पास झालेल्याची खात्री देत नाही.

खात्री हवी तर दोन मार्ग आहेत. पहिला, स्लॅबला त्याच्या जाडीच्या 40 टक्के खोल भोक पाडून आत आर्द्रता मोजणारा प्रोब बसवायचा. लाकडी जमिनीसाठी 75 टक्के ही नेहमीची मर्यादा मानतात. दुसरी कार्बाइड चाचणी. कोब्याचा तुकडा काढून कुटायचा, बंद स्टीलच्या बाटलीत कॅल्शियम कार्बाइडबरोबर घालायचा, आणि तयार होणाऱ्या वायूच्या दाबावरून ओलावा वाचायचा. सिमेंटच्या कोब्याला 2 टक्क्यांच्या आत आकडा हवा. वाळूतला ओलावा तपासायला साइटवर रॅपिड मॉइश्चर मीटर असतं, त्याचं तत्त्व हेच. त्यामुळे सिव्हिलवाल्या माणसाला ही चाचणी समजावून सांगावी लागत नाही.

लाकडासाठी दोन सुयांचं मीटर पुरतं. प्रत्येक पेटीतून एक-दोन फळ्या घ्या आणि त्यांना मागच्या बाजूने सुया टोचा. मीटरमध्ये लाकडाची जात निवडायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर साग आणि ओकचे आकडे वेगळे येतात. खाली प्लायवुड घालणार असाल तर त्याचंही माप घ्या. फळी 75 मिलिमीटरहून अरुंद असेल तर प्लाय आणि फळी यांच्यातला फरक 4 टक्क्यांच्या आत हवा, रुंद असेल तर 2 टक्क्यांच्या आत.

हवेची आर्द्रता मोजणारं हायग्रोमीटर घेतलं आहे, पण त्याचा आकडा खरा आहे हे कसं कळावं?

मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या आणि चार-पाच थेंब पाणी घालून ओला गोळा होईल एवढंच भिजवा. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिप पिशवीत घालून रात्रभर ठेवा. मिठाच्या या संपृक्त द्रावणावरच्या हवेची आर्द्रता नेहमी 75 टक्के असते. सकाळी काटा 70 दाखवत असेल तर तुमचं यंत्र 5 ने कमी दाखवतं, तेवढं पुढे मिळवत चला. फार स्वस्त हायग्रोमीटर 10 टक्क्यांनी सहज चुकतात, म्हणून हे करून घ्याच.

जुन्या मोझेक किंवा व्हिट्रिफाइड लाद्यांवर थेट घालता येईल का?

वरच्या मजल्यावर असेल तर हो, आणि बरेचदा तेच सोयीचं. लाद्या हलत नाहीत ना, हे नाण्याने ठोकून बघा. पोकळ वाजलेल्या काढून पक्क्या करा. 2 मीटरची पट्टी ठेवल्यावर खाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. तळमजल्यावर मात्र लादीखाली मातीचा भराव असतो, आणि जुन्या घरांत ओल अडवणारा थर नसतोच. शहाबादी किंवा कोटा फरशीच्या सांध्यांत पांढरे क्षार फुललेले दिसत असतील तर खालून पाणी चढतंय. तिथे आधी त्याचा बंदोबस्त, मग लाकूड.

दुकानदार फळ्यांखाली घालायला फोमचा अंडरले देतो. वेगळं प्लास्टिक कशाला?

साधा पांढरा फोम आवाज आणि बारीक उंच-सखलपणा सांभाळतो. ओल अडवायला सिमेंटच्या जमिनीवर निदान 150 मायक्रॉन, शक्यतो 200 मायक्रॉनची शीट लागते. जोडावर 20 सेंटिमीटर एकावर एक घेऊन टेप मारायची आणि भिंतीला स्कर्टिंगच्या मागे थोडी वर वळवायची. अंडरलेलाच ओलरोधक थर असेल तर वेगळी शीट नको. दोन थरांमध्ये पाणी अडकलं की बाहेर पडायला वाट उरत नाही.

गोंदाने चिकटवायची जमीन असेल तर शीट चालत नाही. तिथे इपॉक्सीचा ओलरोधक कोट मारतात आणि वर लाकडासाठीचा पॉलियुरेथेन गोंद. फर्निचरचा पांढरा गोंद पाण्यात कालवलेला असतो, तो वापरणाऱ्या सुताराला तिथेच थांबवा.

पेट्या आणून घरात किती दिवस ठेवायच्या?

लॅमिनेट आणि इंजिनीअर्डला 48 ते 72 तास सांगतात. सॉलिडला दिवस मोजण्यात अर्थ नाही. मीटरवरचा आकडा सलग काही दिवस स्थिर राहिला की लाकूड तयार.

त्याहून महत्त्वाचं, ते दिवस घर कसं असेल? जुलैमध्ये खिडक्या सताड उघड्या ठेवून फळ्या आठवडाभर "सेट" केल्या, तर त्या 15-16 टक्क्यांवर जाऊन फुगतील. पुढे तुम्ही एसी लावून राहू लागलात की त्याच फळ्या आक्रसून फटी पडतील. घरात राहताना जशी हवा असणार आहे तशीच त्या दिवसांत ठेवा. पेट्या बाल्कनीत, पार्किंगमध्ये किंवा उभ्या ठेवू नका. जमिनीपासून उचलून, आडव्या ठेवा. इंजिनीअर्डच्या पेट्यांचं प्लास्टिक काढायचं की नाही हे पेटीवर छापलेलं असतं. ते आमच्या सल्ल्याच्या वर धरा.

कोणत्या महिन्यात काम काढावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. तेव्हा लाकडातला ओलावा वर्षाच्या मधल्या पातळीवर असतो, दोन्हीकडे हलायला जागा उरते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात घातलेली जमीन अगदी आक्रसलेल्या अवस्थेत बसते आणि पहिल्याच पावसात पसरते. पावसाळ्यात काम टाळता येणं शक्यच नसेल, पाहुणे आणि लग्न थांबत नाहीत हे मान्य, तर आठवडाभर आधीपासून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा आणि खोली 60 टक्क्यांच्या खाली आणा.

भिंतीलगत सोडलेली फट सुतार बुजवतो. ठीक आहे का?

अजिबात नाही. लॅमिनेट-इंजिनीअर्डला 10 ते 12 मिलिमीटर आणि सॉलिडला खोलीच्या रुंदीप्रमाणे 15 ते 20 मिलिमीटर मोकळं सोडायचं असतं, आणि ते मोकळंच राहिलं पाहिजे. बुजवणारा बहुतेक वेळा सुतारही नसतो. शेवटच्या दिवशी टचअपला आलेला रंगारी "गॅप राहिलाय" म्हणून पुट्टी भरतो. म्हणून स्कर्टिंग लगेच लावून घ्या, आणि ती भिंतीला ठोका, फळीला नाही.

दाराच्या चौकटीखाली, खांबाभोवती, स्लाइडिंगच्या ट्रॅकजवळही तेवढीच जागा हवी. तरंगत्या, म्हणजे खाली न चिकटवलेल्या, जमिनीवर भिंतभर वॉर्डरोब उभा करून स्क्रूने खाली आवळला की ती बाजू खिळून राहते आणि सगळी हालचाल दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. लॅमिनेट लांबीतही हलतं, म्हणून 8-10 मीटरहून लांब पट्ट्यात मध्ये प्रोफाइल, म्हणजे सांधा झाकणारी पट्टी, घ्यावी लागते. ग्राहकांना ती पट्टी आवडत नाही. उचललेली जमीन त्याहून आवडत नाही.

बेडरूमला लागून बाथरूम आहे. काय बघावं?

फ्लॅटमधली जमीन बिघडण्याचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण, त्यामुळे इथे घाई करू नका. बाथरूमचा स्लॅब खोलगट केलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव भरतात. पाइपाचा सांधा किंवा वॉटरप्रूफिंग निकामी झालं की तो भराव पाण्याने भरतो आणि पाणी शेजारच्या खोलीच्या बेडिंगमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या थरात, शिरतं. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला डाग पडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. तुमच्याकडची खूण म्हणजे बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत रंगाचे फुगे आणि पोपडे, स्कर्टिंगच्या वर पांढरी भुकटी.

लाकूड आणण्याआधी बाथरूमची जाळी बंद करून दोन इंच पाणी भरा, 24 ते 48 तास ठेवा, पातळीवर पेन्सिलने खूण करा. पाणी खाली गेलं किंवा खालच्यांकडे ओल दिसली तर आधी प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला. उंबरठ्याचा ग्रॅनाइट लाकडाच्या वर किमान 10 मिलिमीटर राहील असा बसवा. अलीकडे "लेव्हल टू लेव्हल" फ्लोअरिंगची फॅशन आहे. दिसतं छान, पण शॉवरचं पाणी थेट बेडरूममध्ये येतं.

पावसाळ्यात हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या उघडतो. बरोबर ना?

स्वयंपाकघरात बरोबर, एसीच्या खोलीत नाही. बाहेर 27 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जवळपास 22 ग्रॅम वाफ असते. 24 अंशांच्या हवेत मावते जास्तीत जास्त तेवढीच. म्हणजे रात्रभर एसीने गार केलेल्या जमिनीवर सकाळी ती हवा आली की फळीच्या पृष्ठभागावर आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ जाते. पाय चिकटल्यासारखे वाटतात ते त्यामुळे. दिवसातून काही तास एसी ड्राय मोडवर ठेवणं किंवा डीह्युमिडिफायर लावणं हे खिडकीपेक्षा उपयोगी.

कामवाल्या मावशी बादलीभर पाण्याने पुसतात. चालेल?

नाही. कोरड्या मॉपने धूळ काढायची आणि घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसायचं. पुसल्यावर एका मिनिटात जमीन कोरडी दिसली पाहिजे. हे पहिल्या दिवशी शेजारी उभं राहून मावशींना दाखवा. "जास्त पाणी नका वापरू" एवढं सांगून भागत नाही, कारण स्वच्छतेची त्यांची सगळी सवय पाण्याची आहे. फिनाईल नको.

फळ्यांच्या कडा वर आल्यात, मध्ये खोलगट झालंय. घासून घेऊ का?

आत्ता नको. याला कपिंग म्हणतात, म्हणजे फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा ओली आहे. पाण्याचा स्रोत शोधा, तो बंद करा आणि जमीन वाळू द्या. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. बरेचदा फळ्या पुष्कळशा सरळ होतात. ओल्या अवस्थेतच घासून सपाट केल्या, तर वाळल्यावर कडा खाली बसतात आणि मध्यभाग उंचवटा होऊन वर येतो. मग दुसऱ्यांदा घासावं लागतं, आणि इंजिनीअर्डच्या पातळ थरात दोनदा घासण्याइतकं लाकूडच नसतं.

अमेरिकेतल्या भावाकडे हेच फ्लोअरिंग दहा वर्षं नीट आहे. इथेच का त्रास?

तिथे घर वर्षभर यंत्रांनी 30 ते 50 टक्के आर्द्रतेत ठेवण्याची पद्धत आहे, आणि माल त्याच गृहीतकावर 6 ते 9 टक्क्यांपर्यंत वाळवलेला असतो. थंडीत हीटरने हवा कोरडी पडली की त्यांच्याकडेही फटी पडतात, म्हणून ते ह्युमिडिफायर लावतात. तोच माल दादरच्या उघड्या खिडक्यांच्या घरात आला की पहिल्या पावसात पाणी पितो. आयात मालाच्या वॉरंटीत आर्द्रतेची अट बारीक अक्षरांत असते, विकत घेण्याआधी वाचा.

वाड्यांतल्या लाकडी माड्या शंभर-शंभर वर्षं टिकल्या. त्यांना कुठे प्लास्टिक होतं?

त्या जमिनीवर नव्हत्याच. तुळयांवर तख्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, खालून मोकळी खोली आणि वारा. लाकूड दोन्ही बाजूंनी सारखं ओलं व्हायचं आणि सारखंच वाळायचं. फटी पडायच्या, पण त्याची कोणी तक्रार करत नसे. आपण लाकूड सिमेंटवर चिकटवतो आणि वरून एकही रेघ दिसायला नको म्हणतो.

लोणावळ्याचा बंगला पावसाळाभर बंद असतो. तिथे लाकडी फ्लोअरिंग घालावं का?

बंद घर हीच सर्वांत वाईट स्थिती. महाबळेश्वर-लोणावळ्याला जून ते सप्टेंबर आत-बाहेर हवा सारखीच ओली असते, आणि बंद दारांमागे बुरशीला कोणी त्रास देत नाही. घालायचंच असेल तर फक्त वरच्या मजल्यावर, इंजिनीअर्ड घाला. डीह्युमिडिफायरची नळी थेट बाथरूमच्या जाळीत सोडा, म्हणजे टाकी भरून तो बंद पडणार नाही. आर्द्रतेची मर्यादा 60 टक्क्यांवर लावा, आणि वीज गेल्यावर परत आपोआप सुरू होणारंच मॉडेल घ्या, कारण घाटात पावसात वीज जाणारच. गालिचे गुंडाळून ठेवा, गाद्या जमिनीवर टाकू नका. केअरटेकरला आठवड्यातून एकदा हायग्रोमीटरचा फोटो पाठवायला सांगा.